मदत हवी आहे: चार वर्षांच्या मुलाचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, घरच्यांची तयारी कशी करावी?

घाटंजीकर
नमस्कार मंडळी. आम्ही यवतमाळ जिल्ह्यात, घाटंजीजवळच्या खेड्यात राहतो. अंगणवाडीत तपासणीला आरबीएसकेचं (राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम, मुलांची सरकारी आरोग्य तपासणी) पथक आलं होतं, त्यातल्या डॉक्टरांना मुलाच्या डाव्या बाहुलीत पांढरं दिसलं. मग घरी आम्हीच पाहिलं. खेळता खेळता डावा डोळा हाताने झाकला तर पठ्ठ्या खुशाल मोबाईल पाहत राहतो. उजवा झाकला की हात झटकून देतो, चिडतो. यवतमाळहून आम्हाला सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात पाठवलं. आता जानेवारीतली तारीख मिळाली आहे. पूर्ण भूल देणार, कृत्रिम भिंग बसवणार, पुढे चष्मा आणि चांगल्या डोळ्यावर पट्टी.

डॉक्टरांबद्दल शंका नाही. गाडं अडलंय ते घरात. सासूबाईंचं एकच, "पौषात लेकराच्या डोयाले हात नको लावू." आबाजी म्हणतात, "मोतीबिंदू तं मले व्हायले पाहिजे, एवढ्याशा पोट्ट्याले काहून?" मोठे बाबा म्हणतात कापूस वेचून होऊ द्या. आणि जाऊबाईंनी त्याला सांगून टाकलंय की आपण वर्धेच्या जत्रेला चाललो! तो रोज विचारतो, पाळण्यात बसायला मिळेल का.

याला खरं सांगायचं का, आणि किती? सकाळी उपाशी ठेवायचं कसं? उठल्या उठल्या चहा-टोस लागतो त्याला. वर मोठी मुलगी सात वर्षांची, ती आतापासूनच रडते.

वर्धेकडची माय
ताई, जत्रेचं आजच थांबवा. माझ्या मुलीचं याच वयात झालं. खोटं सांगून नेलं की लेकरू नंतर औषधाचा थेंबही डोळ्यात पडू देत नाही, आणि थेंब तर आठवडेच्या आठवडे टाकावे लागतात. आम्ही आदल्या दिवशी सांगितलं: तुझ्या डोळ्यात ढग आलाय, डॉक्टर तो काढणार, तू तेव्हा झोपलेली असशील, उठल्यावर डोळ्यावर झाकण असेल आणि थोडं चुरचुरेल. "काहीच दुखणार नाही" असं म्हणू नका. दुखलं की तुम्ही खोटे ठरता.

बाहुलीच्या डोळ्याला कापूस आणि चिकटपट्टी लावून खेळलो. नंतर तिने आजीच्याही डोळ्याला लावली, आजी अर्धा दिवस तशीच फिरत होती. थेंबांची सवय आधीच करा, उकळून गार केलेल्या पाण्याची नको, डॉक्टरांनी दिलेल्या औषधाचीच. उताणं निजवून डोळा मिटू द्यायचा, नाकाकडच्या कोपऱ्यात थेंब सोडायचा आणि मग उघड म्हणायचं. ओढाताण होत नाही. ऑपरेशननंतर हीच पद्धत चालेल का ते तिथल्या सिस्टरना विचारा.

कपडे समोरून बटणाचे न्या. डोक्यावरून ओढायचं स्वेटर नको.

तूरडाळ
आदल्या दिवशीच सांगा, हे मलाही पटतं. आमच्या भाच्याला फार आधी सांगितलं, तर तो रोज रात्री "आज नेणार का?" म्हणून उठायचा. चार वर्षांच्या मुलाला उद्या-परवा कळतं, पुढचा आठवडा नाही. मोठ्या बहिणीला मात्र आधी सांगा, तिला सगळं कळतं.

पीएचसीवाली ताई
उपाशी ठेवण्याचं कारण घरातल्या प्रत्येकाला समजावा. भुलीत पोटातलं वर येऊन फुप्फुसात गेलं तर जिवावर बेतू शकतं. साधारणपणे जेवण आणि वरचं दूध सहा तास आधी बंद, साधं पाणी दोन तास आधीपर्यंत. पण तुमच्या भूलतज्ज्ञांनी सांगितलेली वेळ हीच खरी. दूध पाण्यात धरू नका, दुधाचा चहाही नाही. त्या सकाळी त्याच्यासमोर कोणी खायचं नाही, आणि आजीच्या पदराची गाठ तपासा. बिस्किट तिथूनच निघतं!

सर्दी, खोकला, ताप असेल तर आधी फोन करून सांगा, लपवू नका. श्वासनलिका चिडलेली असली की भुलीत त्रास होतो. तारीख पुढे गेली तरी हरकत नाही, पण पौषासाठी पुढे ढकलू नका. मेंदू बघायला शिकतो तो पहिल्या सात-आठ वर्षांत. एकाच डोळ्याला मोतीबिंदू असला की मेंदू त्या डोळ्याकडे दुर्लक्षच करतो. चांगल्या डोळ्यावरची पट्टी त्यासाठीच असते, मग अधू डोळा वापरावाच लागतो.

आदल्या दिवशी डोक्यावरून आंघोळ घाला, नखं कापा. नंतर बरेच दिवस डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं नाही. गोठा, कडबा, कापसाची गंजी यांपासून लांब ठेवा. डोळा जास्त लाल झाला, पू आला, दुखणं वाढलं किंवा उलट्या झाल्या तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका, लगेच घेऊन जा.

कागदपत्रं: पथकाच्या डॉक्टरांचं संदर्भपत्र जपून ठेवा, जन्मजात मोतीबिंदू आरबीएसकेच्या यादीत आहे. रेशनकार्ड, आधार, जन्मदाखला बरोबर घ्या आणि महात्मा फुले योजनेचं (सरकारी मोफत उपचार योजना) रुग्णालयातल्या आरोग्यमित्रांना, म्हणजे योजनेची मदत करणाऱ्या माणसांना, विचारा.

घाटंजीकर
सगळ्यांचे आभार. जत्रा रद्द केली. तो रडला, मग "ढग कोण काढते?" विचारत बसला. सासूबाईंशी वाद न घालता आबाजींनाच तपासणीला सोबत नेलं. डॉक्टरांनी त्यांना फोटोत दोन्ही डोळे दाखवले. घरी येऊन त्यांनीच सांगितलं, "पौषबिष काही नाही, तारखेलेच जायचं." आता अडचण उलटी झाली आहे, आठही जण यायला निघालेत! वॉर्डात किती जण थांबवावे? आणि भिंग बसवलं तर चष्मा कशाला, असं सगळे विचारतात.

वर्धेकडची माय
वॉर्डात तुम्ही आणि ज्याच्याकडे तो शांत राहतो असा एकच माणूस. जाग आल्यावर लेकरं खूप चिडतात, डोळा ओढायला जातात. दोन्ही हात धरून कुशीत घेणारं कोणी हवंच. बाकीच्यांना घरची कामं वाटून द्या. चष्म्याचं असं की आपलं भिंग जवळ-दूर पाहताना स्वतः आकार बदलतं, बसवलेलं बदलत नाही. शिवाय लेकरू वाढतं तसा नंबरही बदलतो.

तूरडाळ
अंगणवाडीच्या बाईंना पट्टीचं आधीच सांगून ठेवा, दुसरी पोरं ओढतात. मोठीला थेंबांच्या वेळा पाटीवर लिहायचं काम द्या. आमच्या भाचीला ते दिलं, तर वेळ चुकली की ती मामीलाच रागवायची.