बेब रूथच्या सहीचा बॉल ४० हजारात, घेऊ का?

धरमपेठी_पोट्टा:
भाऊ लोकांनो, क्रिकेटच्या सह्या जमवतो हे इथं माहितच आहे, जामठ्याला स्टेडियमच्या गेटवर तासन्‌तास उभा राहिलेलो आहे. आता सदरमधला एक ओळखीचा माणूस बेसबॉल देऊन राहिला, शिवणीच्या मधे निळ्या शाईत बेब रूथ (अमेरिकेतला बेसबॉलचा दिग्गज), अन्‌ दुसऱ्या बाजूला जो क्रोनिनची पण सही! शोधून पाहिलं तर क्रोनिन पण बेसबॉलच्या हॉल ऑफ फेमवाला, थोर खेळाडूंच्या यादीतला, म्हणजे एकाच बॉलवर दोन दिग्गज. बॉल पिवळा पडलाय, सोबत सर्टिफिकेट आहे. उद्या पैसे द्यायचे आहेत.

संत्रा_बर्फी:
थांब बे. क्रोनिनची ती सही नाही, छापलेला शिक्का आहे. आधी अमेरिकन लीगच्या, म्हणजे तिथल्या मोठ्या बेसबॉल लीगच्या बॉलवर लीगच्या त्या वेळच्या प्रेसिडेंटचं नाव छापून यायचं, वर 'ऑफिशियल अमेरिकन लीग' लिहिलं असेल बघ. क्रोनिन लीगचा प्रेसिडेंट झाला १९५९ ला. बेब रूथ वारला १९४८ ला. आता तूच सांग बाप्पा, त्यानं सही केव्हा केली?
रूथच्या काळचा बॉल असता तर नाव आधीच्या प्रेसिडेंटचं, जॉन्सन, बर्नार्ड नाहीतर हॅरिजचं असतं. आणि पिवळेपणावर जाऊ नको, जुना बॉल कुठंही भेटते, सही कालची असू शकते.

जुनी_बॅट:
सर्टिफिकेट कोणी दिलंय ते बघा दादा. पीएसए, जेएसए, बेकेट या सह्या तपासणाऱ्या कंपन्यांचं असेल तर नंबर टाकून त्यांच्या साइटवर तपासता येतं, बाकी कागद झेरॉक्सवाला पण काढून देतो. अमेरिकेत एफबीआयनं ऑपरेशन बुलपेनमध्ये खोट्या सह्यांची टोळी पकडली, त्या मालात मदर तेरेसांच्या सहीचे बेसबॉल होते, बोला आता!! 😂
एक अवांतर, खरी सही मिळाली तरी उन्हात ठेवू नका. माझी बॅट पश्चिमेच्या खिडकीसमोर टांगली होती, दोन उन्हाळ्यात मार्करची सही अशी उडाली की आता फक्त मलाच दिसते, बायको म्हणते कोरी बॅट आहे.

धरमपेठी_पोट्टा:
आत्ताच पाहिलं, 'ऑफिशियल अमेरिकन लीग' लिहिलंय 😐 त्याला फोन करून तारखा सांगितल्या. दोन मिनिटं गप्प, मग म्हणते, "बरं, रूथचे नका देऊ, क्रोनिनचे तरी वीस द्या."