एलपीएस मेंदूत शिरत नाही, तरी कॉर्टिकोस्टेरॉन वाढतं कसं?

प्रश्न
उंदरांना पोटात एलपीएस (लायपोपॉलिसॅकराइड, जिवाणूंच्या बाह्य आवरणातला रेणू) टोचलं की रक्तातलं कॉर्टिकोस्टेरॉन हे ताणाचं संप्रेरक चढतं. पण हा रेणू रक्त-मेंदू अडसर फारसा ओलांडत नाही. मग मेंदूतल्या हायपोथॅलॅमसच्या पॅराव्हेंट्रिक्युलर केंद्रातल्या सीआरएच पेशींना (ताणाचा प्रतिसाद सुरू करणारं संप्रेरक सोडणाऱ्या) कळतं कुठून? शिवाय नुसतं सलाइन (मिठाचं पाणी) दिलेल्या गटातही ३० मिनिटांनी पातळी वर दिसते, ती का?

उत्तर १
एलपीएसला आत जायची गरजच नाही. रक्तातलं एलबीपी प्रथिन त्याला सीडी१४ या प्रथिनाकडे सोपवतं आणि तिथून ते पेशीवरच्या टीएलआर४ या रिसेप्टर व एमडी-२च्या जोडीवर बसतं. मॅक्रोफेज या रोगप्रतिकारक पेशी टीएनएफ, आयएल-१ बीटा, आयएल-६ हे दाहाचे निरोप देणारे रेणू सोडतात. मेंदूतल्या रक्तवाहिन्यांच्या अस्तरालाही हा इशारा मिळतो. तिथे कॉक्स-२ हे एन्झाइम वाढतं आणि तयार झालेलं प्रोस्टाग्लँडिन ई२ सहज आत झिरपतं. ब्रेनस्टेममधल्या नॉरॲड्रिनॅलिनच्या पेशी पुढे सीआरएच पेशींना चेतवतात. मग पिट्यूटरी ग्रंथीतून एसीटीएच हे संप्रेरक, आणि त्यावर ॲड्रिनल ग्रंथीचं कॉर्टिकोस्टेरॉन.

उत्तर २
वरचं बरोबर आहे, पण व्हेगस नर्व्ह (पोटातून मेंदूकडे जाणारी नस) राहिली. पोटात कमी डोस दिला तर तिचा वाटा मोठा असतो. डोस वाढवला किंवा शिरेतून दिला, की रक्तातूनच पुरेसा निरोप जातो आणि व्हेगस कापूनही फारसा फरक पडत नाही. त्यामुळे डोस आणि टोचण्याची जागा न सांगता ‘व्हेगस लागते’ किंवा ‘लागत नाही’ म्हणणं चूकच. प्रोस्टाग्लँडिनचंही तसंच: सुरुवातीच्या वाढीला कॉक्स-१ (कॉक्स-२चं भावंड एन्झाइम) लागतं, अस्तरात नव्याने बनणारं प्रोस्टाग्लँडिन ई२ प्रतिसाद पुढे टिकवून धरतं. एकाच वेळी घेतलेल्या नमुन्यावरून हे दोन्ही वेगळे काढता येत नाहीत.

उत्तर ३
सलाइन गटातली वाढ बहुधा हाताळणीची आणि सुईची. ३० मिनिटं ही नेमकी तिच्या शिखराजवळची वेळ. नमुना २ तासांनी घ्या; तोवर सलाइन गट बराच खाली येतो, एलपीएसचा वर राहतो. मूळ पातळी हवी असेल तर पिंजऱ्याला हात लावल्यापासून ३ मिनिटांत रक्त घ्या, आणि आधी काही दिवस उंदरांना हाताळणीची सवय लावा. प्रयोग सकाळी, दिवे लागल्यावर लवकर करा. संध्याकाळकडे पातळी आपोआपच चढते आणि फरक झाकला जातो.

एलपीएस नळीच्या भिंतीला चिकटतं, म्हणून प्रत्येक वेळी सिरिंजमध्ये भरण्याआधी व्हॉर्टेक्स करा, नाहीतर शेवटच्या उंदराचा डोस पहिल्यापेक्षा वेगळा पडतो. साध्या एलपीएसमध्ये लिपोप्रोटीनची भेसळ असू शकते आणि ती टीएलआर२ हा वेगळा रिसेप्टर चेतवते. शुद्ध केलेलं घ्या आणि संपूर्ण प्रयोगाला एकाच लॉटचं (एकाच वेळी बनलेलं) ठेवा. टीएलआर४ बिघडलेले सी३एच/एचईजे जातीचे उंदीर हा उत्तम ताळा आहे. याच उंदरांवरून १९९८ मध्ये टीएलआर४ हाच एलपीएसचा रिसेप्टर असल्याचं ओळखलं गेलं. त्यांच्यातही कॉर्टिकोस्टेरॉन २ तासांनी वर राहिलं, तर आधी एलपीएसच्या शुद्धतेवर संशय घ्या.

त्याच उंदराला काही दिवसांत पुन्हा डोस देऊ नका. सहनशीलता येते आणि दुसरा प्रतिसाद खूप दबतो.