नवी इमारत तयार आहे. जुन्या रुग्णालयातले रुग्ण कधी हलवायचे?

प्रश्न: जुनं रुग्णालय ८० खाटांचं, नवं १२० खाटांचं. कंत्राटदार म्हणतो, काम संपलं, ताबा घ्या. विश्वस्तांना महिन्याभरात स्थलांतर हवंय. जमेल का? काय तपासल्याशिवाय रुग्ण आत घेऊ नये?

उत्तर १: महिना अपुरा आहे, तीन तरी धरा. आधी वायूच्या नळ्या बघा. दाबचाचणीतून फक्त गळती कळते, आत कोणता वायू आहे ते नाही. ब्रेझिंग, म्हणजे तापवून धातूचा जोड देताना, तांब्याच्या नळीत आतून ऑक्साइडचा काळा थर धरू नये म्हणून नायट्रोजन सोडतात. तो नीट काढला नसेल तर ऑक्सिजनच्या आउटलेटमधून दाब अगदी बरोबर येतो आणि रुग्णाला मिळतो नायट्रोजन. शिवाय नळ्यांची अदलाबदल झालेली असू शकते. एका वेळी एकाच वायूचा दाब ठेवा, बाकीच्या नळ्या शून्यावर, आणि इमारतीतलं प्रत्येक आउटलेट उघडून पाहा. मग प्रत्येक ठिकाणी ऑक्सिजन अ‍ॅनालायझर लावा. द्रवरूप ऑक्सिजन असेल तर आकडा ९९ टक्क्यांच्या वर हवा, पीएसए प्लांट (हवेतून ऑक्सिजन वेगळा काढणारं यंत्र) असेल तर ९३ च्या आसपास. नमुन्यादाखल चार खोल्या तपासून सही करू नका.

उत्तर २: पाण्याचं कुणी बोलत नाही. रिकाम्या इमारतीत भरून ठेवलेल्या नळ्यांत लिजिओनेला हा न्यूमोनिया करणारा जिवाणू वाढतो, २० ते ४५ अंशांत जोमाने. गरम पाण्याची टाकी ६० अंशांवर ठेवा, परतीची नळी ५० च्या खाली जाऊ देऊ नका. वापर सुरू होईपर्यंत सगळे नळ आणि शॉवर ठरलेल्या दिवशी सोडायचे, नोंदवहीत सहीसकट.

उत्तर ३: जनरेटर नुसत्या टेस्ट बटणावर पास करू नका, मेन स्विच खरोखर पाडा. अत्यावश्यक लोड १० सेकंदांत उचलला गेला पाहिजे. अतिदक्षता विभागातले कुठले सॉकेट मेले, ते तेव्हाच कळतं. ओटीत (शस्त्रक्रियागृहात) तासाला २० वेळा हवा बदलते का आणि बाहेरच्यापेक्षा दाब जास्त राहतो का, हे दारं बंद करून मोजा.

प्रश्नकर्ता: आणि प्रत्यक्ष हलवण्याचा दिवस?

उत्तर १: ठरवून करायच्या शस्त्रक्रिया आठवडाभर आधी थांबवा, म्हणजे खाटा रिकाम्या होतात. नवा अपघात विभाग सुरू झाला तरी जुना काही तास चालूच ठेवा. लोक सवयीने तिथेच येतात. ऑक्सिजन हिशेबाच्या दुप्पट न्या: मिनिटाला १० लिटर आणि अर्ध्या तासाचा प्रवास असेल तर ६०० लिटर. लिफ्ट अडकते, तेव्हा हा जादाचा साठाच कामी येतो.

उत्तर २: औषधांचे फ्रिज दोन दिवस आधी चालू करून २ ते ८ अंशांवर स्थिर होऊ द्या, मगच माल हलवा.