आयर्लंडचे ओट्स शिजेनात, काय करू?

सावद्याची_काकू:
पुतण्या कॉर्कला असतो. येताना ओट्सचा पत्र्याचा डबा घेऊन आला. आपल्या दुकानातले चपटे ओट्स लगेच होतात, हे म्हणजे निव्वळ कण्या. दहा मिनिटं ढवळलं तरी दाताखाली कचकच. आमचे हे म्हणाले, कोंबड्यांना टाक. तिथले लोक खातात तरी कसे?

पारोळेकर:
कुकरला तीन शिट्ट्या, वरून शेवभाजीचा रस्सा. विषय संपला.

अमळनेरची_सिस्टर:
काकू, कुकर नको, फेस वर येऊन शिट्टीत अडकतो. एका दाण्याचे दोन-तीन तुकडे केलेले असतात ते. रात्री भिजवा, सकाळी एकास चार पाणी घालून मंद आचेवर अर्धा तास ठेवा. मीठ आधीच नको, शेवटी घाला.

मी गॉलवेला पाच वर्षं नर्स होते. वॉर्डातल्या एक आजी सोवन्स नावाच्या जुन्या आंबवलेल्या पदार्थाबद्दल सांगायच्या आणि मला आमच्या ओट्यावरचे बिबडे, म्हणजे आंबवलेल्या ज्वारीचे पापड, आठवायचे. दळताना निघालेला ओट्सच्या टरफलांचा कोंडा, त्याला चिकटलेल्या पिठासकट, पाण्यात चांगला आंबेपर्यंत भिजवायचा. मग गाळून खाली बसलेला साका शिजवायचा, की थंड झाल्यावर खरवसासारखा थरथरतो. गाळलेलं पांढरं पाणी कडक उपवासाला दुधाऐवजी प्यायचे. त्याला नाव काय, तर वळूचं दूध! मी आजींसमोरच हसले.

त्यांची ओट्सची भाकरीही ओळखीची वाटेल. हे पीठ ज्वारीसारखंच, चिकटपणा नाही, म्हणून गरम पाण्यात मळायचं. भाजून झाली की लोखंडी घोडीवर विस्तवासमोर उभी करून वाळवायची, आपण चुलीच्या तोंडाशी भाकरी टेकवतो तशी. फरक एवढाच, आपली फुगते, ती खडखडीत होते. अमेरिकेला जाणारे लोक जहाजावर हीच बांधून न्यायचे.

सावद्याची_काकू:
भिजवून केले, मऊ झाले. यांनी वर कच्चं तेल आणि लसणाची चटणी घेऊन दोन वाट्या खाल्ल्या. कोंबड्यांचं नाव काढलं नाही. आता चैत्रात बिबड्यांच्या ज्वारीबरोबर उरलेले मूठभर आंबवू का?

अमळनेरची_सिस्टर:
डब्यातल्यांना टरफलच नाही, त्यामुळे सोवन्स होणार नाही. आंबवून पाहायचेच तर वेगळ्या पातेल्यात. बिघडलं तर अख्ख्या गल्लीचा बिबड्यांचा शिजवलेला घाटा वाया जायला नको.