मदत हवी आहे: केमोनंतर आईचं विसरणं, नागपुरात चाचणी कुठे होते?

आई ६१ वर्षांची, स्तनाचा कॅन्सर. सहावी केमो मार्चमध्ये झाली, तेव्हापासून शब्द अडतात. काल पोह्यांच्या तर्रीत तिखट दोनदा पडलं, झारा हातात धरून "ते... काय म्हणतात याला" करत थांबली, डोळ्यांत पाणी. माणसं, रस्ते मात्र पक्के लक्षात आहेत. झोप कमी आहे. हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२, सोडियम नॉर्मल, मेंदूचा एमआरआयही. डॉक्टर म्हणाले, केमोमुळे होतं, हळूहळू जाईल. पण आज किती बिघडलंय ते मोजलंच नाही, तर सुधारतंय हे कळणार कसं? मी रोज वहीत नोंद ठेवतोय. आईला इंग्रजी येत नाही, लांबचा प्रवास झेपत नाही. मेडिकल (सरकारी मेडिकल कॉलेजचं हॉस्पिटल), एम्स किंवा खाजगीत स्मरणशक्ती आणि एकाग्रतेची सविस्तर चाचणी मराठीतून कोण करतं? कॅन्सरच्या डॉक्टरांची चिठ्ठी लागते का?