विषय: नागपूरहून फाफ्सा (अमेरिकेतल्या कॉलेजसाठी सरकारी आर्थिक मदतीचा अर्ज) भरायचा आहे, मुलगी अमेरिकन नागरिक

प्रेषक: मृणाल (प्रतापनगर, नागपूर)

नमस्कार मंडळी,

आम्ही अमेरिकेतून परत येऊन बरीच वर्षं झाली तरी या ईमेल-यादीतून मी नाव काढलेलं नाही. गणपतीचे फोटो आणि कोण कुठे घर घेऊन राहिलं, एवढं तरी कळतं. आज मात्र काम काढून लिहिते आहे.

मुलीचा, ओवीचा, जन्म तिकडचा, पासपोर्ट अमेरिकन, पण शाळा पहिलीपासून इथलीच. आता बारावीला आहे आणि २०२६च्या फॉलसाठी (ऑगस्ट-सप्टेंबरच्या सत्रासाठी) तिकडच्या कॉलेजांत अर्ज करते आहे. ह्यांची नोकरी मिहानमध्ये, मी शाळेत शिकवते. दोघांचं मिळून वर्षाचं उत्पन्न बावीस लाखांच्या आसपास. नागपुरात तेवढ्यात मजेत चालतं हो, पण तिकडच्या खासगी कॉलेजचा वर्षाचा खर्च ऐंशी-नव्वद हजार डॉलर बघितला आणि घरात कोणी बोलेचना.

आम्ही नागपुरात राहून तिला फाफ्सा भरता येतो का? ह्यांच्याकडे जुना सोशल सिक्युरिटी नंबर (अमेरिकन ओळख क्रमांक) आहे. मी सगळा काळ एच-४ वर (जोडीदाराच्या व्हिसावर) होते, मला कधी मिळालाच नाही. न्यू जर्सीत एडिसनला माझा भाऊ असतो. त्याचा पत्ता टाकला तर न्यू जर्सीच्या रहिवाशांची कमी फी लागेल, असं एकाने सुचवलं.

मृणाल

प्रेषक: शिरीष

मृणालताई, फाफ्सा अमेरिकेत टॅक्स भरणाऱ्यांसाठी असतो. तुम्ही भारतात राहता, तुम्हाला काही मिळायचं नाही. भावाचा पत्ता टाका, ओवीला त्याच्याकडे ठेवा, रटगर्स या तिथल्या सरकारी विद्यापीठाची इन-स्टेट, म्हणजे रहिवाशांची, फी भरा. सोपं आहे.

प्रेषक: अविनाश

शिरीषराव, थांबा जरा. मी निवृत्त होईपर्यंत अमेरिकेतल्या एका कॉलेजच्या फायनान्शिअल एड (आर्थिक मदत) ऑफिसात होतो, हे इथे सगळ्यांना ठाऊक आहे. तुमच्या चार ओळींतली एकही धड नाही.

मृणाल, फाफ्सा बघतो मुलीचं नागरिकत्व. ओवी अमेरिकन नागरिक आहे, म्हणजे ती अर्ज करू शकते. आईबाप भारतीय नागरिक असले, भारतात राहत असले, अमेरिकेत एक पैसा टॅक्स भरत नसले तरी चालतं.

भावाचा पत्ता टाकू नका. आईवडिलांवर अवलंबून असलेल्या मुलीचं राज्य साधारणपणे आईवडिलांवरून ठरतं, मामावरून नाही. कायदेशीर निवासाच्या जागी ‘परदेश’ निवडायचं. न्यू जर्सीची टॅग ग्रँट (राज्य सरकारची मदत) घ्यायची तर आधी सलग बारा महिने राज्यात निवास लागतो. आणि एका फॉर्मवर एडिसन, दुसऱ्यावर नागपूर असं दिसलं की एड ऑफिसातला माणूस पहिलं काय करतो? फाइल बाजूला ठेवतो आणि कागद मागवत बसतो. मी हेच करायचो.

आता तुमचं दोघांचं. भारतात नवराबायको एकत्र रिटर्न भरत नाहीत, त्यामुळे फाफ्साच्या लेखी तुम्ही दोघंही स्वतंत्र ‘काँट्रिब्युटर’, म्हणजे फॉर्ममध्ये आपापली माहिती देणारे. फाफ्साच्या संकेतस्थळावर दोघांची वेगळी खाती. सोशल सिक्युरिटी नंबर नाही, असा पर्याय खातं उघडताना असतो, तो निवडायचा. उगाच शून्यं भरायची नाहीत. २०२६-२७च्या फॉर्मपासून निमंत्रण सोपं केलंय. ओवीने तुमचा ईमेल टाकायचा, तुम्हाला कोड येतो. आधी पत्ता अक्षरन् अक्षर जुळावा लागायचा, आणि आपल्याकडचे प्लॉट नंबर, ले-आउट, एकीकडे ‘प्रतापनगर’ जोडून तर दुसरीकडे तोडून, यात माणसं अडकून पडत.

एक मात्र विसरू नका. फॉर्म मध्येच तुमची ‘संमती’ मागतो, आयआरएसकडून (अमेरिकेच्या कर खात्याकडून) टॅक्सची माहिती घेण्यासाठी. तुमची तिथे माहितीच नाही, मग संमती कशाला द्यायची, असं वाटेल. द्यायची. दोघांपैकी एकाने जरी नाही म्हटलं, तरी सरकारी मदत पूर्ण बंद.

अविनाश (मूळ नागपूरच्या महालचा, त्यामुळे हक्काने दामटतो)

प्रेषक: मृणाल

दादा, बाप्पा! किती वेळ वाचवलात. दोन्ही खाती उघडली. आता आकडे भरायला बसलो तर नवंच त्रांगडं. फॉर्म २०२४ सालचं उत्पन्न मागतो आणि आमचं वर्ष एप्रिल ते मार्च. कोणतं आयटीआर लावू? आणि काटोलची संत्र्याची बाग? सातबाऱ्यावर सासरे, ह्यांचे मोठे भाऊ आणि हे, तिघांची नावं आहेत. गेल्या वर्षी आंबिया बहार गारपिटीने झोडपला, हाती काहीच आलं नाही, पण जमिनीचा भाव विचाराल तर डोळे पांढरे होतील.

प्रेषक: अविनाश

ज्या आर्थिक वर्षाचे जास्त महिने २०२४मध्ये पडतात ते घ्यायचं. एप्रिल २०२४ ते मार्च २०२५ यातले नऊ महिने २०२४चे. म्हणजे आर्थिक वर्ष २०२४-२५. मात्र आयटीआरवर ठळक छापलेलं असतं ते असेसमेंट इयर, आणि ते असेल २०२५-२६. ते बघून दचकू नका, कागद तोच आहे. रक्कम डॉलरमध्ये बदलायची ती फॉर्म भरता त्या दिवसाच्या दराने. रुपया अठ्ठ्याऐंशी धरला तर तुमचे बावीस लाख म्हणजे पंचवीस हजार डॉलर.

हा आकडा नीट बघा. अमेरिकेतल्या चार जणांच्या कुटुंबासाठी हे उत्पन्न फार कमी आहे, त्यामुळे पेल ग्रँटचा (सरकारच्या मदतीचा) विचार होऊ शकतो. २०२५-२६ला ती जास्तीत जास्त ७,३९५ डॉलर होती, आणि परत करायची नसते. ओवीच्या स्वतःच्या नावावर पहिल्या वर्षी साधारणपणे ५,५०० डॉलरपर्यंत सरकारी कर्ज मिळतं. पेरेंट प्लस, म्हणजे पालकांनी घ्यायचं सरकारी कर्ज, तुम्हाला नाही, कारण तिथे पालक नागरिक किंवा ग्रीनकार्डधारक लागतो. पण ऐंशी हजारांपुढे या रकमा किती? खरा पैसा कॉलेजच्या स्वतःच्या तिजोरीतला, आणि त्यासाठी बरीच खासगी कॉलेजं सीएसएस प्रोफाइल हा वेगळा अर्ज मागतात.

बागेचं बघू. फक्त तुमच्या यजमानांचा हिस्सा दाखवायचा, सासऱ्यांचा आणि भावाचा नाही. म्हणून सातबारा आणि फेरफार काढून ठेवा, हिस्सा त्यावरून सांगता येतो. कर्ज असेल तर ते वजा. २०२६-२७पासून कुटुंब ज्या शेतावर राहतं ते शेत फाफ्सातून वगळलं आहे, पण तुम्ही राहता प्रतापनगरला आणि बाग काटोलला, तेव्हा ती सवलत धरू नका. राहतं घर, अंगावरचं सोनं, ईपीएफची शिल्लक हे फाफ्सात नाही. मुदत ठेवी आणि दुसरा फ्लॅट असेल तर तो मात्र येतो.

सीएसएस जास्त चौकस आहे. घराची किंमतही विचारू शकतो आणि करमुक्त उत्पन्नही, म्हणजे शेतीचं उत्पन्न आयटीआरमध्ये करमुक्त असलं तरी तिथे लिहायचं. ही लपवायची जागा नव्हे. उलट गारपिटीचं तिथेच लिहा. ‘विशेष परिस्थिती’चा रकाना असतो. तीन-चार वाक्यं, तारीख, पंचनामा झाला असेल तर त्याची प्रत. रडगाणं नको. जमीन किमतीची आहे पण ती विकून फी भरता येत नाही, तीन जणांची आहे, आणि गारपिटीच्या वर्षी उत्पन्न आलं नाही, एवढंच.

प्रेषक: शुभदा

दादांनी सांगितलं त्यात एक घालते. सीएसएसला पहिल्या कॉलेजचे २५ डॉलर आणि पुढच्या प्रत्येकाचे १६, त्यामुळे आधी यादी छाटा. कॉलेजच्या संकेतस्थळावर ‘नेट प्राइस कॅल्क्युलेटर’ (मदत वजा जाता खर्चाचा अंदाज देणारा) असतो, तो आधी वापरा. फाफ्साला मात्र पैसे लागत नाहीत आणि त्यात वीस कॉलेजं बसतात. तिथे हात आखडू नका.

आणि कॉलेजचं मदतीचं पत्र आलं की ‘एकूण मदत’ या ओळीवर जाऊ नका. आमच्याकडे मुलाचं पत्र आलं तेव्हा बेरीज बघून ह्यांनी पेढे आणायची भाषा सुरू केली होती. मी पेन घेऊन बसले. ग्रँट एका बाजूला, कर्ज दुसऱ्या बाजूला, वर्क-स्टडी तिसऱ्या. वर्क-स्टडी म्हणजे मुलाने काम करून मिळवायचे पैसे, ते फीमधून आपोआप वजा होत नाहीत. खर्चातून फक्त ग्रँट वजा केली तेव्हा पेढ्यांचा विषय आपोआप मागे पडला. ज्या कॉलेजने वरवर कमी दिलं होतं, तेच शेवटी स्वस्त पडलं.

मृणाल, मामा मदत करणार असेल तर आता फाफ्सा तसा प्रश्न विचारत नाही. सीएसएस विचारू शकतो.

प्रेषक: रोहित

याच विषयावर माझं एक. माझा मामेभाऊ धरमपेठेत राहतो, भारतीय नागरिक आहे, त्यालाही हे लागू पडतं का?

प्रेषक: अविनाश

नाही. एफ-१ वर (विद्यार्थी व्हिसावर) येणाऱ्याला फाफ्सा नाही. त्याच्यासाठी फक्त कॉलेजचा पैसा. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, अ‍ॅमहर्स्ट यांसारखी थोडी कॉलेजं परदेशी मुलाला प्रवेश देताना त्याची ऐपत बघत नाहीत. बाकी बहुतेक ठिकाणी बघतात, म्हणून मदत मागितली की चुरस वाढते. तरीही लागणार असेल तर अर्जातच ‘मदत हवी’ म्हणायचं. आधी प्रवेश घेऊ, मग मागू, हे परदेशी मुलांना पुष्कळ कॉलेजांत चालत नाही, आणि आय-२० साठी (व्हिसाला लागणाऱ्या कॉलेजच्या दाखल्यासाठी) पहिल्या वर्षाचा पैसा कागदावर दाखवावाच लागतो.

प्रेषक: शिरीष

माझी माहिती जुनी निघाली म्हणायची. पण आपलं नागपूरचं इंजिनिअरिंग कॉलेज, व्हीएनआयटी, काही वाईट नाही हो!

प्रेषक: मृणाल

शिरीषदादा, व्हीएनआयटी घरापासून दहा मिनिटांवर आहे, तेच ओवीला नको आहे.

फाफ्सा भरून झाला. सासरे उद्या काटोलला जाऊन तलाठ्याकडून फेरफार आणतात. एकच राहिलं: फी इथून पाठवायची तर बँकवाले टीसीएस म्हणून काहीतरी सांगून राहिले.

प्रेषक: शुभदा

टीसीएस म्हणजे परदेशी पैसे पाठवताना बँक कापते तो कर. एका आर्थिक वर्षात दहा लाखांपर्यंत तो नाही. त्यावर शिक्षणासाठी २०२५-२६ला ५ टक्के होता, एप्रिल २०२६पासून २ टक्के, आणि मान्यताप्राप्त संस्थेकडून कर्ज काढून पाठवलं तर नाही. कापलेला पैसा बुडत नाही, रिटर्नमध्ये वळता करून घ्यायचा. नवराबायको दोघांनी आपापल्या खात्यातून पाठवलं तर दोघांची दहा-दहा लाखांची मर्यादा वेगळी. सीएला विचारून घे, आणि ओवीला सांग, कॉलेजांच्या तारखा फाफ्सापेक्षा वेगळ्या असतात. अर्ली डिसिजन (लवकरचा, बांधील प्रवेशअर्ज) करत असेल तर सीएसएसची तारीख साधारण नोव्हेंबरातच येते.