दोन ओळींसाठी लेस (टर्मिनलवर मजकूर पानापानाने दाखवणारा प्रोग्रॅम) अख्खी स्क्रीन अडवतं, तुम्ही काय सेटिंग ठेवता?

खटपट्या: रंग नीट दिसावेत म्हणून बॅशआरसीत (शेलच्या सेटिंगच्या फाइलीत) लेस याच नावाचा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल, ज्यातून लेस आपले पर्याय वाचतं, 'डॅश आर' करून ठेवलाय. तेव्हापासून गिट लॉगमध्ये (कोडमधल्या बदलांच्या यादीत) दोनच कमिट, म्हणजे नोंदी, असले तरी पूर्ण स्क्रीन साफ होते आणि क्यू दाबेपर्यंत सुटका नाही. क्यू दाबलं की त्या ओळीही गायब! छोटं असेल तर कॅट कमांडसारखं सरळ छापून मोकळं व्हावं, एवढंच हवंय. ऑफिसातल्या सेंटओएस ७ सर्व्हरवर डॅश एफ लावला, तर काहीच न दाखवता थेट प्रॉम्प्ट.

सदाशिवपेठी: हा व्हेरिएबल सेटच नसेल तर गिट स्वतः त्यात एफ, आर, एक्स हे तीन पर्याय (एफआरएक्स) भरतं. तुम्ही काहीही भरलंत की ते हात लावत नाही. म्हणजे आर ठेवलात आणि एफ घालवलात. मजकूर एका स्क्रीनवर मावला तर आपणहून बाहेर पडायचं काम एफचं. 'डॅश एफआर' लिहा, दोन्ही कॅपिटल. (प्लस एफ नको, तो टेल कमांडसारखा फाइलच्या शेपटीला, नव्या ओळींची वाट बघत, लागून बसतो.)

शेलमास्तर: सर्व्हरचं दुखणं वेगळं. आवृत्ती ५३० च्या आधीचं लेस आधी टर्मिनलच्या पर्यायी (तात्पुरत्या, वेगळ्या) स्क्रीनवर जातं, तिथे मजकूर छापतं, मावला म्हणून लगेच बाहेर पडतं. टर्मिनल जुनी स्क्रीन परत आणतं, मजकूर तिकडेच राहतो. सेंटओएस ७ वर लेस ४५८ आहे, तिथे कॅपिटल एक्सही जोडा, म्हणजे ते पर्यायी स्क्रीनवर जाणारच नाही.

खटपट्या: मग सगळीकडेच एफआरएक्स का नको?

शेलमास्तर: माउसच्या चाकासाठी. पर्यायी स्क्रीनवर बरीच टर्मिनल्स चाक फिरवलं की बाणाची बटणं पाठवतात, लेस वरखाली सरकतं. एक्स लावला की ती स्क्रीनच नाही, चाक टर्मिनलचा स्क्रोलबॅक (आधीचा वर गेलेला मजकूर) हलवत बसतं. लांबलचक डिफ (कोडमधले फरक) वाचताना डोकं फिरतं राव.

कोकणी_कर्नल: मी तरी एक्स सोडणार नाही. क्यू दाबल्यावरही शेवटचं पान समोर राहतं, कमिटचा हॅश (ओळख क्रमांक) बघून पुढची कमांड लिहिता येते. आणि हो, जर्नलसीटीएल (सिस्टमचे लॉग दाखवणारी कमांड) सहसा हा लेस व्हेरिएबल विचारातच घेत नाही. त्याचा वेगळा आहे, सिस्टमडी अंडरस्कोर लेस. त्यात मुळातच एफ आणि एक्स असतात, शिवाय एस, म्हणून लांब ओळी उजवीकडे कापलेल्या दिसतात.

खटपट्या: लॅपटॉपवर लेस ५९० आहे, तिथे एफआर चाललं. सर्व्हरवर एफआरएक्स टाकतो, तिथे चाक कोण फिरवतंय!